आजोबांच्या डोळ्यांवरची पट्टी

सोमवार, ३ जून १९७४. वेवाक बंदर

पोचलो एकदाचा. आमच्या नदीने अंगोरामपर्यंत होडी आणि तिथून ट्रकच्या मागे, डुकरांच्या पिंजऱ्याला टेकून. अंगाचा वास अजून गेलेला नाही, पण स्वारी खुशीत आहे. इतकी खुशीत, की मामीने विचारलं, वाटेत एखादी पोरगी भेटली की काय.

मामा ट्रकथांब्यावर दुपारपासून उभा होता म्हणे. ॲम्ब्रोस मामा, माझ्या आईचा एकुलता एक भाऊ. आता केस पिकलेत, पण मिठी तीच, बरगड्या मोडणारी. मला पाहून म्हणाला, मिशनच्या शाळेत मास्तर होऊन असा वाळलास, तर पोरं काय खडू खाऊन जगतात? घर समुद्राकाठी, पत्र्याचं छप्पर. मामीने सागो ताडाच्या पिठाची धिरडी आणि नारळाच्या दुधातला मासा केला होता. ओ येईपर्यंत जेवलो.

ही वही वाटेत घेतली. रोज चार ओळी लिहायची सवय मिशनमध्ये लागली, ती सुटत नाही. आणि इथे लिहिण्यासारखं बरंच घडणार आहे, कारण उद्यापासून मी जुन्या मूर्ती-मुखवटे विकणाऱ्या हॉबडे साहेबाच्या वखारीत पेट्या भरायच्या कामावर आहे. मामाला मी सांगितलंय, की खोबऱ्याच्या गोदामात नोकरी लागली. हॉबडेचं नाव काढलं, तर तो मला पुढच्याच ट्रकमध्ये बसवून परत धाडेल.

अठरा वर्षं झाली. मी नऊ वर्षांचा होतो. आमच्या मिंदांगुई गावात पुरुषांच्या मोठ्या घरात आमचे आजोबा उभे असत. आजोबा म्हणजे बापाचा बाप नव्हे, आमच्या कुळाचा पहिला पुरुष. लाकडातले, पण आमच्यासाठी घरातलं वडीलधारं माणूस. त्यांची राखण माझ्या बापाकडे होती. एका सकाळी त्यांची जागा रिकामी होती. हॉबडेची लाँच दोन दिवस नदीत नांगर टाकून होती, ती त्याच दिवशी निघून गेली. आजोबा तिच्यातूनच गेले, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. पण गावातून लाँचपर्यंत ते पोचवले कुणी? राखणदाराशिवाय कोण पोचवणार, म्हणाले सगळे. मग बापाच्या चुलीवरून कुणी विस्तव नेईना, मोठ्या घरात त्याच्या बाकावर कुणी बसेना. बाप वर्षभर सागोच्या बनात एकटा हिंडला आणि एक दिवस परत आला नाही. होडी मिळाली, तो नाही.

हॉबडे या गावात अजून मजेत आहे. आणि मी त्याच्या दारात पगारावर चाललोय. हसू येतंय मला, खरंच.

बुधवार, ५ जून

वखार म्हणजे लांबलचक पत्र्याची शेड. एका बाजूला हॉबडेचा बंगला, मध्ये एक बंद खोली. काम करणारे आम्ही दोघंच. दुसरी पाउलिना, मानुस बेटावरची, पन्नाशीची, तोंडात सुपारी आणि जिभेवर वस्तरा. मला पाहताच म्हणाली, नदीकाठचा ना तू? मगरीने चावून चव आवडली नाही म्हणून थुंकलेला दिसतोस. मी म्हटलं, मावशी, तुला तर मगरीने तोंडातच घेतली नसेल. तेव्हापासून आमचं जमतं.

हॉबडे साठीचा आहे. पोट सुटलंय, सरकारी साहेबांच्या बायकांच्या पार्ट्यांत गाणी म्हणतो, सिगारेट काढली की आधी मला देतो. मी घेतो. त्याने माझं नाव विचारलं, आलोइस म्हटलं, कुठला विचारलं, मी दुसऱ्याच गावाचं नाव सांगितलं. त्याच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. याला आठवत तरी असेल का, कुठल्या गावातून काय नेलं ते? नसेल. याचाच मला सगळ्यात जास्त राग आहे.

आजवर मला वाटे, की हे लोक नव्या लाकडाला चिखल चोळून, धूर देऊन जुनं करून विकतात. करतातच. पण हॉबडेचा धंदा उलटा. जुन्या वस्तू देशाबाहेर न्यायला कायद्याने बंदी झाल्यापासून जकातीचा माणूस बंदरावर पेट्या उघडून जुनं शोधतो. म्हणून हॉबडे जुन्याला नवं करतो. शंभर वर्षांच्या मुखवट्यावर पांढरी माती, वर दुकानातला लाल-पिवळा रंग, कानात कोंबडीची पिसं, आणि वर कागदाची चिठ्ठी, 'पर्यटकांसाठी, हस्तकला'. तिकडे पोचलं की पाण्याने धुतात, आणि खालून पुन्हा आपलं माणूस वर येतं.

हे रंगवायचं काम आता माझं. आज तीन ढाली रंगवल्या. एकीवर हाताच्या पकडीने झिजून खळगा पडला होता, तोही मी बुजवला. बुजवताना मनात म्हटलं, माफ करा, थोडे दिवस कळ काढा.

रविवार, ९ जून

चर्चहून आल्यावर मामा दाराबाहेर विड्या वळत बसला होता. विषय निघाला बापाचा. मामा तोंड फिरवून बसतो अशा वेळी. त्याचं काळीज मऊ. बाप गेल्यावर मला त्यानेच उचलून मिशनच्या शाळेत घातलं, कपडे, पुस्तकं, सगळं त्याचं. तो नसता, तर मी आज मगरी मारत बसलो असतो.

त्याच्यासोबतची एक फार जुनी आठवण आहे. मी लहान होतो. मामाने मला होडीतून फिरायला नेलं. मगरीच्या कातड्यांचं चटईत गुंडाळलेलं एक लांब गाठोडं होतं, ते काठापर्यंत आम्ही दोघांनी नेलं, तो डोक्याकडून, मी पायाकडून. मला ते पेलवत नव्हतं आणि मी हसत होतो. मामा म्हणत होता, वा रे पठ्ठ्या, पुरुष झालास की. मग त्याने बिस्किटांचा डबा उघडला. डब्यातलं बिस्किट मी तेव्हा पहिल्यांदा खाल्लं. आज त्याला ती आठवण करून दिली, तर म्हणाला, तुला बरं आठवतं, आणि विड्या तशाच टाकून आत गेला. म्हातारा झालाय.

आमच्यात एक रीत आहे. आजोबांना काम सांगायचं असेल, तर जागं करतो भाचा आणि निजवतो मामा. एरवी त्यांच्या डोळ्यांवर सालीची पट्टी असते. भाच्याने ती सोडायची, तोंडात चुना लावलेली सुपारी ठेवायची आणि कानात काम सांगायचं. काम झालं, की भाचा पुन्हा समोरून सुपारी भरवतो, आजोबांचं लक्ष त्याच्याकडे असतं, तेवढ्यात मामा मागून पट्टी बांधतो. एकट्याने होत नाही. दुसऱ्याच्या मामाने चालत नाही. आणि जाग्या आजोबांना बिनकामाचं ठेवायचं नसतं.

लहानपणी बाप हे सांगायचा तेव्हा मला झोप यायची. आता एकेक शब्द आठवतोय.

गुरुवार, १३ जून

सापडले.

मधली बंद खोली आज हॉबडेने स्वतः उघडली. पुढच्या वर्षी देश स्वतंत्र होतोय, गोऱ्याने इथे थांबण्यात राम नाही, म्हणून तो गाशा गुंडाळून ब्रिस्बेनला चाललाय. २८ तारखेच्या जहाजाने सगळा माल. आणि ही एक वस्तू मी कधी विकली नाही, म्हणाला, ही माझी लाडकी, हिला नीट रंगव. ताडपत्री ओढली.

आजोबा. माझ्याएवढे उंच. मी लहानपणी पाहिलेले ते आभाळाला टेकलेले होते. डाव्या मांडीवर बापाच्या चिरुटाने पडलेला डाग तसाच. डाव्या पायाची करंगळी उंदरांनी कुरतडलेली, तशीच. आणि डोळ्यांवर सालीची पट्टी, बत्तीस गाठींची, बापाच्या मामाने बांधलेली. मला रडू फुटलं. हॉबडेला वाटलं, रंगाचा वास डोळ्यांत गेला. मागून म्हणाला, ती पट्टी तेवढी सोडू नकोस बरं, मला हे ज्याने आणून दिलं, त्याने पाय धरून बजावलं होतं. काय खुळं असतात तुमची, आणि हसला.

ज्याने आणून दिलं. म्हणजे पट्टीचं मर्म माहीत असलेला. म्हणजे आमच्याच गावातला कुणीतरी. बापाच्या बाकावर बसायला ज्यांनी नकार दिला, त्यांच्यातलाच एक नाक वर करून मोठ्या घरात बसला असेल. तळपायाची आग मस्तकात गेली. तरी रंगवलं. आजोबांच्या गालांवर दुकानातला लाल रंग मी माझ्या हाताने फासला.

शनिवार, १५ जून

राजधानी पोर्ट मोर्सबीच्या सरकारी संग्रहालयातला मोरेआ आलाय. त्याच्याशी माझा पत्रव्यवहार वर्षभराचा. बाजारात कलिंगडं चाचपत उभ्या उभ्या बोललो. तिशीचा, चष्मेवाला, आवाज चढवत नाही. म्हणाला, कुठल्या पेटीत खरं काय आहे, त्याची यादी दे. २८ ला बंदरावर पोलिसांसमोर पेट्या उघडतो, सगळं जप्त. तुझे आजोबा महिन्याभरात तुझ्या गावात. तू फक्त तेरा दिवस गप्प बस.

मी विचारलं, आणि हॉबडे? मोरेआने चष्मा पुसला. दंड होईल, म्हणाला. कदाचित पुन्हा येऊ देणार नाहीत. ब्रिस्बेनला बंगला आहे म्हणे त्याचा.

दंड. माझा बाप दलदलीत हाडंसुद्धा न ठेवता गेला, आणि हा ब्रिस्बेनच्या व्हरांड्यात गाणी म्हणणार. मोरेआ म्हणाला, आलोइस, आपल्याला वस्तू परत हव्यात, माणसं मारायची नाहीत. तो भला माणूस आहे. पण त्याच्या बापाची होडी कधी रिकामी आलेली नाही.

यादी करीन. गप्प मात्र बसणार नाही.

सोमवार, १७ जून

केलं.

भर दुपारी. हॉबडे जेवायला गेलेला, पाउलिना सावलीत घोरत होती. आजोबांसमोर उभा राहिलो आणि बत्तीस गाठी एकेक करून सोडल्या. पट्टीखाली कवड्यांचे डोळे. अठरा वर्षांचा अंधार पाहिलेले. मी त्यांच्या तोंडात चुना लावलेली सुपारी ठेवली आणि उजव्या कानाला ओठ लावून सांगितलं, की आजोबा, मी राखणदाराचा मुलगा. तुम्हाला घरातून ज्यांनी ज्यांनी उचलून नेलं, त्यांतल्या एकालाही सोडू नका.

'एकालाही' मी मुद्दाम म्हटलं. त्या गावातल्या हरामखोराचं नाव मला माहीत नाही, पण आजोबांना माहीत असणार. त्यांनी त्याचा हात ओळखलाच असेल.

काम झालं की मामाला सगळं सांगेन. तो चिडेल, दोन थोबाडीत देईल आणि मग पट्टी बांधेल. मामाच तो. पट्टी माझ्या खिशात आहे. मला इतकं हलकं बऱ्याच वर्षांत वाटलं नव्हतं.

बुधवार, १९ जून

सुपारी नाही. तोंड रिकामं, खालच्या ओठाला लाल ओघळ. पाउलिनाला विचारलं, तू खाल्लीस? म्हणाली, मी भिकारीण वाटले का तुला, लाकडाच्या तोंडातलं काढून खायला?

शेडमध्ये नदीचा वास येतोय. समुद्राचा नाही. आमच्या नदीचा, पूर ओसरल्यावर काठाला येतो तो, कुजक्या पानांचा आणि गाळाचा. पाउलिनाने तीनदा फरशी धुतली आणि मला शिव्या घातल्या, पाय धुऊन ये म्हणून.

हॉबडे खोकतोय. चहात माती लागते म्हणून त्याने दोनदा कप फेकला. मी नवा चहा करून नेला, अगदी अदबीने.

शुक्रवार, २१ जून

हॉबडे मेला.

सकाळी अकराला, लख्ख उन्हात, स्वतःच्या आरामखुर्चीत. बंगल्यातली मोलकरीण किंचाळली म्हणून धावलो. अंग कोरडं, कपडे कोरडे, आणि तोंडातून गाळ ओघळत होता. काळा, नदीचा. डॉक्टरने बोटाने काढायचा प्रयत्न केला, संपेचना. शेवटी त्याने हृदय बंद पडलं असं लिहिलं आणि हात धुवायला गेला तो बराच वेळ आला नाही.

मला आनंद झाला. लिहायला लाज वाटत नाही. शेडच्या मागे जाऊन मी हसलो, मग रडलो, मग बापाला हाक मारली. आजोबांना दोन सुपाऱ्या दिल्या. ब्रिस्बेनहून नातेवाईक येईपर्यंत किल्ली माझ्याकडे आहे.

आता तो गावातला. कुठे असेल, काय करत असेल, गाळ लागायला लागला असेल का त्याच्या तोंडाला?

शनिवार, २२ जून

मामाला सांगितलं. सगळं.

हॉबडेचं ऐकून त्याने फक्त मान हलवली. आजोबांना जागं केलं म्हटल्यावर हातातली थाळी खाली ठेवली. मग विचारलं, तू नेमकं काय म्हणालास? मी सांगितलं. पुन्हा विचारलं. पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा विचारलं, 'एकालाही' म्हणालास, की 'त्याला' म्हणालास? मी म्हटलं, मामा, एकालाही. त्याचा चेहरा चुलीतल्या राखेसारखा झाला. उठून मागच्या दारी गेला. ओकारीचा आवाज आला. परत आला तेव्हा ओठांच्या कडेला काळं होतं.

म्हणाला, उद्या चर्चनंतर येतो. ताजी साल काढून आणतो. सुपारी तू आण.

मामी म्हणाली, दोन दिवस ह्यांना जेवण जात नाही, प्रत्येक घासात माती लागते म्हणतात.

मला कळलं नाही. नाही, खोटं कशाला लिहू. कळलं. 

रविवार, २३ जून

मामा दुपारी बाराला आला. रविवारचा पांढरा शर्ट, हातात ओली साल. शेडच्या दाराशी थांबला आणि म्हणाला, मीच दिले आजोबा. होडीच्या मोटरसाठी. तेव्हा वाटलं, लाकूड आहे, दुसरं कोरता येईल. तुझ्या बापावर येईल असं वाटलंच नव्हतं, आणि आलं तेव्हा बोलायची छाती झाली नाही. मग तुला शाळेत घातलं. माझ्याने तेवढंच झालं.

मी उभा होतो. माझी पुस्तकं, माझे कपडे, हे लिहिणारं माझं अक्षर, सगळं त्या मोटरीच्या मागून आलेलं. बाप सागोच्या बनात एकटा हिंडत होता तेव्हा मामा आमच्या चुलीशी बसून आईचं सांत्वन करत होता.

तो म्हणाला, चल आत. तू समोरून भरव, मी मागून बांधतो. लवकर, आलोइस, मला श्वास पुरत नाही.

सुपारी माझ्या मुठीत होती. चुना लावलेली, तयार. मी म्हटलं, एकट्याने बांध. माझा बाप वर्षभर एकटाच होता.

त्याने माझ्याकडे पाहिलं. हात जोडले नाहीत, रडला नाही. नुसतं म्हणाला, तुझ्यासाठीच आलो होतो रे, पोरा, माझं काय, मी झालो म्हातारा. मला वाटलं, जीव वाचवायला नाटक करतोय. तो एकटा आत गेला. मी दारातल्या खोक्यावर बसून राहिलो आणि सुपारी मुठीत फिरवत राहिलो. आतून खोकला आला. मग घशात पाणी जातं तसा आवाज, बराच वेळ. मी उठलो नाही.

नंतर गेलो. मामा आजोबांच्या मागे पडला होता. पट्टी चार गाठींपर्यंत आली होती. माझ्या डोळ्यांदेखत त्या चार सुटल्या.

मंगळवार, २५ जून

काल पुरला. डॉक्टरने याचंही हृदय, असंच लिहिलं.

मला वाटलं होतं, सूड पुरा झाला की शांत वाटेल. शुक्रवारी वाटलं होतं. आज नाही. मामाची मिठी आठवते, बरगड्या दुखतात.

मामी शेजारी येऊन बसली. तिला काही माहीत नाही, किंवा सगळं माहीत आहे. म्हणाली, शेवटच्या रात्री तुझंच घोकत होते. पोराने 'एकालाही' का म्हटलं, पोराने तसं का म्हटलं. म्हणत होते, मी डोक्याकडून धरलं होतं आणि पोराने पायाकडून. त्याला काय ठाऊक चटईत काय आहे ते. हसत होतं, बिस्किटासाठी नाचत होतं. मामीने मला विचारलं, कशाबद्दल बोलत होते रे ते?

मी उठून समुद्राकडे गेलो. 

मगरीचं कातडं इतकं जड नसतं. ते मला तेव्हाच कळायला हवं होतं. त्या गाठोड्यातून एक पाय बाहेर आला होता. करंगळी कुरतडलेली. मी पाहिली होती— मी ती पाहिली होती आणि बिस्किट खाल्लं होतं.

मामा माझ्यासाठीच आला होता.

बुधवार, २६ जून

सकाळपासून चहात माती.

आजोबांपुढे गेलो. भर उजेडात, दार उघडं टाकून. म्हटलं, मी लहान होतो. म्हटलं, मला माहीत नव्हतं. म्हटलं, मी माझा शब्द मागे घेतो. सुपारी तोंडात ठेवली. ती खाली पडली. पुन्हा ठेवली. पडली. तिसऱ्यांदा ठेवताना बोटाला दात— लाकडाचे आहेत, मी रंगवलेत, पण—

मोरेआ येऊन यादी घेऊन गेला. शुक्रवारी सगळं ठरल्याप्रमाणे. म्हणाला, हॉबडे गेला तरी माल सुटणार नाही, तुझं काम मोठं आहे, अजून दोन दिवस कळ काढ. आजोबांना पाहून खूश झाला. विचारलं, पायाला एवढा ओला चिखल कुठून लागला?

त्याला म्हटलं, यांचे डोळे बांध. तो बिचारा बांधायला लागला. गाठ टिकेना. हसून म्हणाला, साल कोरडी आहे. साल कोरडी नव्हती. तो माझा मामा नव्हता.

आईला दुसरा भाऊ नाही. तिच्या चुलत भावांतही कुणी उरलेलं नाही. सकाळपासून मोजतोय—

गुरुवार, २७ जून. दुपारचे दोन

पाउलिना काम सोडून गेली. जाताना पहिल्यांदाच टोमणा मारला नाही. माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि गेली.

श्वास आत जातो, बाहेर येताना जड येतो. रुमाल काळा.

मोरेआ, वही तुझ्यासाठी ठेवतोय. आजोबांना गावी ने. उभे करताना सांग, की राखणदाराने विकलं नव्हतं. मोठ्या घरात, सगळ्यांसमोर, मोठ्याने सांग. माझ्या बापाचा बाक धुऊन घ्या. मामाचं नाव— नको, सांग. माझंही सांग. डोक्याकडून तो, पायाकडून मी. त्यांच्या डोळ्यांसमोर कुणी कुणाबद्दल काही मागू नका, मनातसुद्धा. मी तेरा दिवस गप्प बसलो असतो, तर—

मधल्या खोलीचं दार उघडलं. वारा नाही. बाहेर ऊन मी म्हणतंय.

फरशीवर ओले पाय. एक, मग एक. डाव्याला करंगळी नाही.

शेडमध्येच टाकलेल्या खाटेवर बसून लिहितोय, पाय वर घेतलेत. नदीचा वास. तोंडात बिस्किट— बिस्किटाची चव येतेय, आणि माती—

ते डोक्याकडे आले नाहीत. तिकडे मामा होता. ते पायाकडे उभे आहेत. वाकले. खाट पायाकडून उच—